गांधार ऐकू येऊ लागला : पुण्यातील एका गायनवर्गात काढलेले दीड वर्ष

शास्त्रीय गायनाचा वर्ग कसा आहे, हे पहिल्या महिन्यात कोणालाही सांगता येत नाही. गळ्यात काही बदल झाला की नाही, हे कळायलाच सहा-आठ महिने लागतात. म्हणूनच सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या या वर्गाविषयी मी दीड वर्ष पूर्ण झाल्यावर लिहीत आहे. वर्ग चालवणाऱ्या ताई एका वेळी दहापेक्षा अधिक विद्यार्थी घेत नाहीत आणि वर्गाची जाहिरातही करत नाहीत, त्यामुळे वर्गाचे नाव येथे देत नाही. तेथील शिकवण्याची पद्धत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. नवा वर्ग शोधणाऱ्यांना ती उपयोगी पडेल आणि वर्ग चालवणाऱ्यांनाही तिच्यातून काही घेता येईल, असे मला वाटते.

आधी माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण कोणत्या गळ्याला काय मिळाले हे कळल्याखेरीज अशा परीक्षणाला अर्थ उरत नाही. मी शाळा-महाविद्यालयाच्या वयात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या. त्यानंतर नोकरी आणि संसार यांत अठरा वर्षे गाणे पूर्णपणे थांबले. त्या वेळच्या वर्गात आम्ही पंधरा-वीस मुली पेटीभोवती बसून एकसुरात चिजा म्हणत असू, परीक्षेच्या आधी रागांची माहिती पाठ करत असू, आणि वही भरली की गाणे आले असे समजत असू. माझ्या वहीत तीसहून अधिक बंदिशी होत्या, पण एकटीने तंबोऱ्यावर पाच मिनिटे षड्ज (सा) लावून बसण्याची वेळ एकदाही आली नव्हती. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणे सर्वसामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत पोहोचवण्याचा त्यांचा हेतू होता आणि त्या कार्याचे ऋण माझ्यासारख्या असंख्य विद्यार्थ्यांवर आहे. तरीही परीक्षेचा अभ्यासक्रम आणि गळ्याची तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर येथे कळले.

वर्गाची रचना अशी आहे. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटांची एकट्याची तालीम असते, एकदा दीड तासाचा एकत्र वर्ग असतो आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सर्व विद्यार्थ्यांची बैठक असते. महिन्याची फी 2,400 रुपये आहे आणि बैठकीच्या तबलजींचे मानधन त्यातच धरलेले असते. पुण्यातील दराच्या मानाने ही फी वाजवी आहे. निव्वळ एकट्याच्या तालमीसाठी याहून बरेच अधिक घेणारे वर्ग मी पाहिले आहेत.

पहिले दोन महिने मला एकही बंदिश मिळाली नाही. केवळ खर्ज भरणे (खालच्या सप्तकातले स्वर लावणे), आकारात पलटे (‘आ’ म्हणत स्वरांचे ठरावीक क्रम) आणि एका श्वासात एक स्वर स्थिर ठेवणे एवढेच चालले होते. माझी पट्टी कोणती, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरून गायचे, हा प्रश्नही ताईंनी नव्याने सोडवला. लहानपणी सगळ्या मुली काळी पाचमध्ये गात होत्या, म्हणून मीही तीच पट्टी माझी मानत आले होते. प्रत्यक्षात वयाबरोबर आवाज खाली उतरला होता आणि काळी पाचमध्ये तार गांधाराला (वरच्या सप्तकातल्या ‘ग’ला) जाताना मी घसा आवळत होते. ताईंनी मला आधी काळी तीनमध्ये आणि काही आठवड्यांनी पांढरी सहाला काही वेळ गायला लावले, मंद्र पंचम आणि तार मध्यम दोन्ही ठिकाणी आवाज मोकळा राहतो की नाही ते ऐकले, आणि मग काळी तीन पक्की केली. या एका बदलाने गळ्यावरचा निम्मा ताण गेला. पट्टी ठरवण्यासाठी एवढा वेळ देणारे शिक्षक मला आधी भेटले नव्हते.

आकारावर त्यांचा जो भर आहे, त्याचे कारणही त्या समजावून सांगतात. ‘आ’ म्हणताना जिभेचे मूळ मागे गेले किंवा जबडा आवळला गेला, तर आवाज घशात अडकतो आणि स्वर नेमका असूनही तो पोहोचत नाही. आरसा समोर ठेवून पलटे म्हणणे हा त्यावरचा त्यांचा उपाय आहे. प्रा. बा. र. देवधर आणि डॉ. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या जाणकारांनी मराठी मुलखात आवाजाच्या संवर्धनाचा विचार फार पूर्वी मांडला. परंतु बहुसंख्य गायनवर्गांत ‘रियाज करा, आवाज आपोआप लागेल’ यापलीकडे आजही काही सांगितले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. या वर्गात ताई आवाजाच्या आरोग्याकडेही लक्ष देतात. घसा बसला असेल तर त्या गाऊ देत नाहीत, आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून आल्याशिवाय तालीम पुढे जात नाही. एका विद्यार्थ्याच्या बाबतीत मी हे स्वतः पाहिले आहे.

पण ज्या कारणासाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले, ती गोष्ट म्हणजे महिन्याची बैठक.

आपल्या परंपरेत दुरुस्त करण्याचा अधिकार गुरूंचा असतो. शिष्याने मागे बसून तंबोरा छेडावा, ऐकावे, आणि गुरुबंधूंच्या गाण्याविषयी फार तर ‘वाहवा’ म्हणावे, ही रीत आहे. त्या रीतीत सौंदर्यही आहे आणि तिच्यामुळे ऐकण्याचा संस्कार होतो, हे मला मान्य आहे. परंतु दाद ही गाणे रंगल्याची खूण असते. कोठे काय निसटले, हे दाद सांगत नाही. सहाध्यायांनी एकमेकांच्या गाण्याविषयी मोकळेपणाने बोलावे अशी जागाच बहुतेक वर्गांत नसते, आणि जेथे ती असते तेथे एक तर कौतुकाची उधळण होते किंवा शिकलेपणाचे प्रदर्शन. ताईंनी या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी नियम घालून दिले आहेत आणि ते अत्यंत काटेकोरपणे पाळले जातात.

प्रत्येकाला बारा मिनिटे मिळतात. गाऊन झाल्यावर सर्वप्रथम गाणाऱ्यानेच आपल्या गाण्याविषयी बोलायचे असते. त्यानंतर तिघे श्रोते, आधीच ठरलेल्या क्रमाने, प्रत्येकी एकच निरीक्षण सांगतात. ते निरीक्षण कोणत्या स्वरावर, कोणत्या आवर्तनात (तालाच्या फेरीत), कोणत्या जागी ऐकू आले हे सांगणे बंधनकारक असते. उपाय सुचवायला मनाई आहे. ‘तुम्ही असे करा’ हे वाक्य कोणी उच्चारले तर ताई लगेच थांबवतात, कारण उपाय सांगणे हे त्यांचे काम आहे आणि ऐकणे हे आमचे. सगळ्यांचे बोलून झाल्यावर त्या अखेरीस बोलतात, आणि पुष्कळदा तिघांपैकी एकाचे ऐकणे चुकले होते हेही स्पष्टपणे सांगतात. त्यामुळे गाणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही परीक्षा होते.

माझी गाण्याची पाळी पहिल्यांदा आली त्या बैठकीत मी यमन गायले. यमन हा राग मला लहानपणापासून येत होता, निदान माझा तसा समज होता. गाऊन झाल्यावर मी माझ्या तानांविषयी बोलले, कारण मला त्यांचीच काळजी होती. ज्यांनी निरीक्षण सांगायचे होते त्यांत महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी होती. ती थोडी घाबरतच म्हणाली, “काकू, तुमचा गांधार मला थोडा चढा वाटला. खाली येताना बरोबर असतो, पण नी रे ग म्हणून वर जाता तेव्हा प्रत्येक वेळी चढतो.” मला ते पटले नाही. यमनमध्ये गांधार वादी (रागाचा मुख्य स्वर), त्यावरच सगळी बढत (रागाचा विस्तार) उभी, आणि तोच कणसूर (किंचित बेसूर) आहे असे कोणी म्हणावे, हे मनाला लागले. मी घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकले, पेटीवर गांधार वाजवून ताडून पाहिले, आणि मुद्रणातला माझा गांधार पेटीशी तंतोतंत जुळला. पुढच्या तालमीला मी हे ताईंना थोड्या विजयी मुद्रेनेच सांगितले.

त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पेटी बाजूला सारली, तंबोरा नीट जुळवला, जवारीचा (तारेखालचा, नाद खुलवणारा) दोरा किंचित सरकवला आणि मला फक्त खर्जाची (खालच्या षड्जाची) तार ऐकायला सांगितली. तार छेडल्यावर षड्जाच्या पोटातून हळूच वर येणारा दुसरा एक स्वर आहे, तो ओळखा, म्हणाल्या. पहिल्या दिवशी मला तो ऐकू आला नाही. दुसऱ्या आठवड्यात आला. तो गांधार होता, ज्याला आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. पेटीवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात; तंबोऱ्यातून उमटणारा गांधार षड्जाशी पाच चतुर्थांशाच्या प्रमाणात असतो. पेटीचा गांधार त्याहून सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे साधारण अर्ध्या स्वराच्या सातव्या हिस्स्याइतका. मी लहानपणापासून पेटीभोवती गायले होते, म्हणून माझा कान पेटीच्या गांधारालाच गांधार समजत होता. त्या मुलीने वयाच्या आठव्या वर्षापासून घरात तंबोराच ऐकला होता, त्यामुळे तिला जे सहज खटकले ते मला दाखवून द्यावे लागले. खाली येताना मात्र पंचमावरून उतरून मी त्या गांधारावर टेकत होते आणि तेथे तंबोरा मला सावरून घेत होता. म्हणून ‘खाली येताना बरोबर’ हे तिचे निरीक्षणही अचूक होते.

एका सहाध्यायिनीच्या दोन वाक्यांनी माझी लहानपणापासूनची सवय उघडी पडली. ताईंना ती चूक आधीपासून ऐकू येत असणारच. पुढे कधीतरी मी त्यांना तसे विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की त्यांनी ती दाखवली असती तर मी केवळ आज्ञा म्हणून गांधार उतरवला असता. दुसऱ्या विद्यार्थ्याला ऐकू येते आणि मला येत नाही, हे कळल्यावर मी ऐकायला शिकले. हे मला पूर्णपणे पटले आहे. गळ्याचा दोष गळ्यात असतोच, पण बहुतेक वेळा तो आधी कानात असतो.

त्यानंतरच्या बैठकींतून मिळालेली दोन निरीक्षणे अशीच मोलाची ठरली. विलंबित एकतालात बारा मात्रांचे आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास चालते आणि मुखडा, म्हणजे समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) नेणारी बंदिशीची सुरुवात, बाराव्या मात्रेच्या जवळ उचलायचा असतो. एका निवृत्त शिक्षक काकांनी सांगितले की दहाव्या मात्रेवरचे ‘तिरकिट’ वाजले की माझ्या आलापातला जीव जातो, मी गाते पण स्वरांत नसते, समेची वाट पाहत असते. ते अगदी खरे होते. त्या दिवसापासून ताईंनी मला मात्रा बोटांवर मोजायला मनाई केली आणि ठेक्याचे बोल ऐकून समेपर्यंत यायला लावले. अजूनही मी कधी कधी समेच्या किंचित पुढे येते. पण आलाप आता शेवटच्या दोन मात्रांत कोसळत नाही. याच काकांनी भूप ऐकून सांगितले की तिसऱ्या आवर्तनात मी धैवतावर जेवढा वेळ थांबले, तेवढ्या वेळापुरती त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटली. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर लागतात. भूप रात्रीचा राग, त्याचा जीव गांधारात; देसकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात (ध). पुस्तकातले वादी-संवादी मला परीक्षेपुरते ठाऊक होते. एका श्रोत्याला माझ्या धैवतामुळे वेळ बदलल्यासारखी वाटली, तेव्हा वादीचा अर्थ मला पहिल्यांदा कळला.

शरीराच्या बाबतीतही सहाध्यायांच्या नजरेचा उपयोग होतो. आमच्यात एक फिजिओथेरपिस्ट आहेत. तार षड्जाकडे जाताना माझी हनुवटी वर उचलली जाते आणि उजवा खांदा कानाकडे सरकतो, हे त्यांनी पाहिले. मी वर्षानुवर्षे उंच स्वर ‘गाठण्यासाठी’ मान ताणत होते, आणि त्यामुळेच तो स्वर आवळला जात होता.

आता ज्या बाबी मला समाधानकारक वाटल्या नाहीत त्या सांगते. एकत्र वर्गात सर्वांची पट्टी जुळणे अशक्य असते. आमचा एकत्र वर्ग प्रामुख्याने स्त्रियांच्या आवाजाला सोयीच्या पट्टीत चालतो आणि पुरुष विद्यार्थ्यांना एक तर फार वर किंवा खालच्या सप्तकात गावे लागते. ताईंना याची कल्पना आहे, त्यांनी वेळा विभागण्याचा प्रयत्नही केला, पण विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांच्या वेळांमुळे तो टिकला नाही. पुरुषांनी प्रवेश घेताना याचा विचार जरूर करावा. दुसरी उणीव तालाच्या तालमीची. तबलजी केवळ बैठकीला येतात. बाकी सर्व वेळ मोबाइलवरच्या तबल्याच्या ठेक्यावर गावे लागते. तो ठेका लय कधी सोडत नाही, म्हणून सरावाला चांगला आहे. पण माणूस वाजवत असताना लय जी जिवंतपणे श्वास घेते आणि गायकाबरोबर सांभाळून चालते, तिची सवय महिन्यातून एकदा गाऊन लागत नाही. पंधरा दिवसांतून एकदा तरी तबल्याची साथ मिळावी, त्यासाठी फी थोडी वाढली तरी चालेल, असे आम्ही काही जणांनी ताईंना कळवले आहे.

गुरुपौर्णिमेच्या आधीचे सहा आठवडे तालीम मागे पडते आणि कार्यक्रमाची तयारी पुढे येते. त्या काळात नेमक्या आवाजाच्या दोषांवर काम होत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण कार्यक्रमात ते दोष ठळकपणे दिसतात. शिवाय तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढूनच जावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वयस्कर विद्यार्थ्यांसाठी ही मोठी अडचण आहे. दोन विद्यार्थी परदेशातून ऑनलाइन शिकतात. त्यांची तालीम मी एकदा ऐकली. आवाज पोहोचायला क्षणभराचा उशीर होतो, म्हणून गुरूंबरोबर एकत्र स्वर लावता येत नाही. आणि मोबाइलच्या गोंगाट कमी करणाऱ्या सोयीमुळे तंबोरा हा गोंगाट समजून गाळला जातो. ती सोय बंद करता येते आणि ताई पहिल्याच दिवशी ती बंद करायला लावतात. तरीही ज्यांना प्रत्यक्ष येणे शक्य आहे त्यांनी ऑनलाइन वर्ग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे परीक्षांची तयारी करून घेतली जात नाही. विशारदची प्रश्नपत्रिका सोडवायची असेल, थाट-रागांची तुलना लिहून काढायची असेल, तर त्यासाठी दुसरा वर्ग पाहावा लागेल. लहान मुलांसाठीही ही पद्धत योग्य आहे असे मला वाटत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तिघांनी एकामागोमाग एक दोष सांगितले तर त्याचा उत्साह जाईल. ताई स्वतः सोळा वर्षांखालील विद्यार्थी घेत नाहीत, हे त्यामुळेच असावे. याउलट ज्यांनी पूर्वी काही वर्षे शिकून मध्येच सोडले आहे आणि आता पुन्हा सुरुवात करायची आहे, त्यांना ही बैठक फार लाभदायक ठरेल. जुन्या शिकण्याबरोबर जुने दोषही गळ्यात घट्ट बसलेले असतात आणि ते स्वतःला ऐकू येत नाहीत.

प्रवेशासाठी आधी भेटून ताईंसमोर दहा मिनिटे गावे लागते. तेथे काय गायले यापेक्षा तंबोरा ऐकून गायले की नाही, याकडे त्यांचे लक्ष असते. स्वतःचा तंबोरा आणणे आवश्यक नाही. वर्गात मिरजेचे दोन तंबोरे आहेत, आणि ते जुळवायला प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या सहा महिन्यांत शिकलेच पाहिजे. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन बैठकी केवळ ऐकाव्या लागतात. त्या वेळी बोलायला परवानगी नसते. मात्र तिघांच्या जोडीने त्यानेही आपले निरीक्षण एका वहीत लिहून ताईंकडे द्यायचे असते. माझ्या त्या वहीत दुसऱ्या बैठकीच्या पानावर मी एका गायिकेविषयी ‘सुंदर, भावपूर्ण’ असे लिहिले होते. ताईंनी त्याखाली लाल पेन्सिलीने एवढेच विचारले आहे : कोणता स्वर?